भात तिचा, भाजी माझी

साठ सालच्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ दिवेलागण झाली की आंधळी होऊ लागली. सकाळी तिला सगळं स्वच्छ दिसायचं. डाळीतला खडा दिसायचा, शेताच्या धुऱ्यावरून कोण चाललंय ते ओसरीतून ओळखू यायचं. सूर्य कलला की मात्र तिचे हात भिंत शोधू लागायचे. घरातल्या सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. मी ठेवला नाही. मला ठेवायचाच नव्हता.

आमचं गाव केळापूरपासून दोन कोसांवर. छप्पन साली, जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, मी लग्न होऊन या घरात आले. मी सातवी पास होते. घरात आलेलं पत्र मी वाचायचे, तलाठ्याचा कागद मी वाचायचे, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझा थोडा मान होता. मूल काही होत नव्हतं. पहिल्या वर्षी सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी उपास सांगितले, गंडे बांधले. तिसऱ्या वर्षी त्या माझ्याशी बोलताना माझ्याकडं पाहीनाशा झाल्या. काम सांगायच्या ते चुलीकडं बघून सांगायच्या.

चौथ्या वर्षी धाकटी आली. मुकुटबनकडच्या जंगलाच्या काठावरचं तिचं माहेर, घरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि शेत थोडं. लग्नात तिचे दंड इतके बारीक होते की चुडे कोपरापर्यंत चढायचे. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती हसायची मोठ्यानं, आणि तिचं हसणं ऐकून माझा नवरासुद्धा ओसरीवरून मान वर करायचा. माझ्या कोणत्या बोलण्यावर त्यानं अशी मान वर केली होती, हे मी तेव्हा रात्रंदिवस आठवत बसायचे आणि मला आठवायचं नाही.

वैशाखात तिला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. आत्याबाईंनी त्याच दिवशी देवापुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो पदरात बांधून गुरांच्या कोठ्यात गेले आणि म्हशीला घातला.

त्यानंतर तिचं ताट वेगळं झालं. आमचा मुलूख ज्वारीचा. तांदूळ चांद्याकडून यायचे, तेही सणाला नाही तर पाहुण्याला. आत्याबाईंनी धाकटीसाठी मणभर तांदूळ आणवले आणि रोज तिला मऊ पांढरा भात आणि तुरीचं वरण मिळू लागलं. तिला बाकी काही द्यायचंच नव्हतं. अंबाडी आंबट, ती बंद. मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला उष्ण, त्यानं पोट पडतं, तो बंद. पपईचं तर नावही काढायचं नाही. तरोट्याच्या भाजीनं वात होतो, लाल कोहळ्यानं लेकराच्या अंगावर चट्टे उठतात, असं सगळं आत्याबाईंच्या तोंडी होतं. घरात मांस-मच्छी शिजत नव्हती, कारण त्यांच्या गळ्यात माळ होती. दूध-तुपाला कोणाची ना नव्हती, पण त्याच्या वासानंच तिला ओकारी यायची. मध्यंतरी पावसाच्या पाण्यानं तिला महिनाभर हगवण लागली, तेव्हा तर वरणही बंद झालं आणि नुसत्या भाताच्या पेजेवर ती राहिली.

मला काय, बांधावरचा आणि परसातला पाला. पावसाळ्यात तो फुकट आणि भरपूर. सकाळी अंबाडी, संध्याकाळी तरोटा, मध्येच मुंगन्याचा पाला घातलेलं पातळ बेसन, आणि भाकर. मी चुलीपुढं बसून तो हिरवा घास गिळायचे आणि तिच्या ताटातला पांढरा भात पाहायचे. एकदा तिनं अर्धा भात सोडला होता. आत्याबाई उठून गेल्यावर मी तो खाल्ला. चव काही विशेष नव्हती, पण मी ताट बोटानं पुसून खाल्लं.

भादव्यात, पोळा झाल्यावर, तिचं ते डोळ्यांचं सुरू झालं. आधी ती दूध काढताना चुकू लागली. म्हशीखाली दुधाचा गंज ठेवलेला असायचा आणि धार जमिनीवर पडायची. मग एका संध्याकाळी ती परसात तुराट्यांच्या भाऱ्याला अडखळली. मी चुलीपाशी होते. तिनं मला हाक मारून सांगितलं की बाई, मले काही दिसून नाही राह्यलं, पायरी कुठं आहे तेवढं सांगा. मी पाहिलं तर अजून चांगला उजेड होता. मला तुराटी न् तुराटी मोजता येत होती. मी म्हटलं, तुह्या पायासमोरच आहे पायरी. तिनं पाय पुढं केला तो पायरीच्या वीतभर डावीकडं.

आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्यांना काही नवल वाटलं नाही. पोटात लेकरू असलं की होतं असं, बाळंतीण झाली की आपोआप जातं, असं त्या म्हणाल्या, आणि मला सांगितलं की तिला आता संध्याकाळचं कोणतंच काम सांगायचं नाही. म्हणजे दूध काढणं माझ्याकडं आलं, पाणी भरणं माझ्याकडं आलं, कंदिलाच्या काचा, जनावरांची वैरण, दोन्ही वेळचा स्वयंपाक. आणि तिला परसाकडं न्यायचं, मोरीवर न्यायचं, तेही माझ्याकडं. दिवेलागणीला ती ओसरीच्या खांबाला टेकून बसायची. कंदील जवळ आणला की तिला थोडं दिसायचं, लांब नेला की पुन्हा नाही. मी तिच्या पुढ्यातून घागरी घेऊन जायचे आणि मनात म्हणायचे, दिसतं हिला. सगळं दिसतं.

ते खोटं आहे याचा पुरावा मला हवा होता. आपली जागा कोणी घेतली आहे हे माणसाला सहन होत नाही, पण घेणारी लबाड आहे असं ठरलं तर थोडं सोपं जातं. मी तिच्यावर पाळत ठेवू लागले. डोळ्यापुढं हात हलवून पाहायचे. तिच्याकडं बघून मी वेडंवाकडं तोंड करायचे. ती हसायची नाही, चिडायची नाही, माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत राहायची. मला वाटायचं, काय कसलेली आहे ही.

एक दिवस सांजेला आत्याबाई शेजारी गेल्या होत्या आणि पुरुष माणसं शेतातून यायची होती. धाकटी ओसरीवरून आत येणार, हे मला माहीत होतं, कारण रोज त्या वेळी ती देवाला हात जोडायला आत यायची. भिंतीला हात लावून, ठरलेली पावलं मोजत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला मी पाण्यानं भरलेला पितळी गुंड आणून ठेवला. बरोबर वाटेत. मी स्वतःला सांगितलं की ती त्याला वळसा घालून जाईल आणि मग मी तिला विचारीन. पितळ घासलेलं होतं, मला ते चुलीच्या उजेडात चमकताना दिसत होतं. मी बाजूला भिंतीशी उभी राहिले.

ती आली ती सरळ आली. पावलांत कुठंही थांबणं नव्हतं. गुडघा गुंडावर आदळला, गुंड लवंडला, आणि ती ओल्या जमिनीवर पोटाच्या एका बाजूला पडली. ओरडली नाही. पहिलं तिनं पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं जमीन चाचपू लागली. माझ्या पायापासून हातभर अंतरावर तिची बोटं पाण्यात फिरत होती आणि माझा पाय तिला दिसत नव्हता. तेव्हा मला कळलं. एका क्षणात कळलं. मी लगेच वाकले नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. तीन-चार श्वास मी तशीच उभी होते.

गुंडाचा आवाज ऐकून आत्याबाई शेजारून धावत आल्या. गुंड वाटेत कोणी ठेवला म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, किती तरी महिन्यांनी सरळ माझ्याकडं. मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली की पाणी प्यायला म्हणून मीच ओढला होता तो, आणि मग विसरली. आत्याबाईंनी ते खरं मानलं. मी गप्प बसले. गप्प बसताना मला राग आला तो तिचाच. इतकी चांगली कशाला वागते ही, असा.

तिच्या कमरेत दुखू लागलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच बंडी जुंपली आणि तिला पांढरकवड्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे, आणि कागद वाचणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मी बरोबर गेले. रस्त्यात काळी माती चाकांना चिकटत होती. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दिवस उजाडला तशी ती मला रस्त्यावरचं सगळं दाखवू लागली. कोणाच्या पऱ्हाटीला बोंडं धरली आहेत, कोणाच्या मळ्यात नीलगाय शिरली आहे. तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी आधी पोट तपासलं आणि मूल व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं. मग पडली कशी, हे विचारलं. धाकटीनं सांजेला दिसत नाही म्हणून सांगितल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या. तिला खिडकीपाशी नेलं, पापण्या वर करून पाहिल्या आणि मला जवळ बोलावलं. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर, साबणाच्या वाळलेल्या फेसासारखा बारीक ठिपका होता. दोन्ही डोळ्यांत. मी इतके दिवस तिच्या डोळ्यांवर पाळत ठेवून होते आणि तो मला दिसला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागं डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. सातवी पास असल्याचं मी सांगितलं होतं, म्हणून असेल, त्या मलाच समजावत होत्या. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. बाहेरचा उजेड त्याच्यावर पडतो तेव्हा आपल्याला दिसतं. त्या पडद्यात दोन जातीचे कण आहेत. एक भर उजेडात काम करतात, रंग ओळखतात. दुसरे अंधुक उजेडासाठी. या दुसऱ्यांमध्ये एक जांभळट रंग असतो, उजेड लागला की तो उडतो आणि अंधारात पुन्हा भरतो. तो भरायला अ जीवनसत्त्व लागतं. तेच अंगात नसलं तर रंग भरत नाही. म्हणून दुपारी दिसतं आणि सांज झाली की संपलं.

मी विचारलं की मग हिलाच का. त्या म्हणाल्या, पोटातलं मूल आपल्या वाट्याचं ओढून घेतं. आईच्या अंगात साठा असेल तर निभतं. हिच्यात लहानपणापासून साठा झालेलाच दिसत नाही, वर महिनाभर हगवण. असंच चाललं तर डोळा वरून कोरडा पडतो, बुबुळाला फूल पडतं, आणि मग दिवसाही दिसत नाही. ते पुन्हा येत नाही.

मग त्यांनी ती काय खाते ते विचारलं. मी सांगितलं, भात, वरण, मध्यंतरी नुसती पेज. माझ्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे, कारण त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "आणि तुम्ही काय खाता?"

मी सांगू लागले. अंबाडी, तरोटा, मुंगन्याचा पाला, लाल कोहळं, घोळीची भाजी, पुन्हा अंबाडी. मी ते गाऱ्हाण्यासारखंच सांगितलं. कोणीतरी पहिल्यांदा विचारत होतं. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "मग असं करा. तुमचं ताट हिला द्या. तिचं तुम्ही घ्या."

बंडीत परत येताना मी त्या वाक्याचाच विचार करत होते. चार महिने मी ज्या ताटावर जळत होते ते ताट तिचे डोळे खात होतं, आणि ज्या पाल्याला मी तोंड वाकडं करायचे त्यानं माझे डोळे राखले होते. हे कळल्यावर माझा हेवा जायला हवा होता. गेला नाही. मला वाटलं, म्हणजे आता माझा पालासुद्धा हिलाच.

डॉक्टरीणबाईंनी माशाच्या तेलाची एक बाटली दिली होती. रोज सकाळी एक लहान चमचा, त्याहून जास्त पोटुशीला द्यायचं नाही, असं दोनदा बजावलं होतं, आणि पाला शिजवताना त्यात तेल घालायला विसरू नका, तेलाशिवाय तो अंगी लागत नाही, असंही सांगितलं होतं. घरी आल्यावर मी आत्याबाईंना पाल्याचं सांगितलं. त्या ऐकूनच घेईनात. मुंगन्यानं पोट पडलं तर त्या डॉक्टरणीला काय जाते, असं म्हणाल्या. बाटलीचं मी सांगितलंच नाही. माळकऱ्याच्या घरात माशाचं तेल म्हटलं की काय होईल ते मला माहीत होतं. मी ती माझ्या पेटीत लुगड्यांखाली ठेवली.

तीन दिवस ती तिथंच राहिली. मी आत्याबाईंना घाबरले होते, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या तीन दिवसांत मी पेटी उघडून बाटली पाहायचे आणि बंद करायचे. घरात कोणाचं तरी काहीतरी पहिल्यांदाच माझ्या मुठीत होतं. सांज झाली की ती खांबाला टेकून बसायची, मी हात धरून तिला मोरीवर न्यायचे, आणि मला ते बरं वाटायचं. एवढी हसणारी मुलगी, आणि तिचा सगळा भार माझ्या दोन बोटांवर.

चौथ्या दिवशी मी तिला मोरीवरून परत आणत होते तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "बाई, एक इचारू का? सांजंले बाळंत झाली तर मले लेकराचं तोंड दिसन का?"

 लेकराचं तोंड, हे शब्दच मला नको होते. पण माझ्या हातात तिचा हात होता आणि तो थंडगार होता. विहिरीपाशी तिला बसवून मी सांगून टाकलं की गुंड मी ठेवला होता. तुला दिसतं की नाही ते पाहायला.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तुमी तितंच उभ्या होत्या. मी पडली तवा तुमच्या बांगड्या वाजल्या."

मी विचारलं, मग आत्याबाईंना सांगितलं काहून नाही.

तिनं माझा हात चाचपला. मग म्हणाली, "सांगून काय करू? त्या तुमाले हाकलतीन. मंग सांजंले मले हात कोण देईन?"

तिच्या चांगुलपणावर मी इतके दिवस जळत होते, आणि तो चांगुलपणा नव्हताच. ती घाबरलेली होती आणि हिशेबी होती, माझ्यासारखीच. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी ती मला पहिल्यांदा आवडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोठ्यात शेण काढताना मी तिला पहिला चमचा दिला. तिनं नाक दाबून गिळला आणि वर गुळाचा खडा खाल्ला. वासानं आम्हा दोघींनाही कसंतरी झालं. जेवताना मी चुलीआड ताटं बदलू लागले. तिच्या भाताखाली तेलात परतलेला मुंगन्याचा पाला दडवायचा, वर वरण ओतायचं. उरलेला भात माझ्या वाट्याला यायचा आणि मी तो खायचे. आता तो हक्काचा होता, आणि तिसऱ्याच दिवशी मला त्याचा कंटाळा आला.

पाचव्या दिवशी आत्याबाईंनी पकडलं. त्यांनी भातात बोट घातलं आणि हिरवा पाला वर आला. मग धाकटीच्या तोंडाला माशाचा वास आला म्हणून बाटलीही निघाली. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या की सवतीनं केलं नसतं ते तू करून राह्यली, तुले झालं नाही म्हणून तिचंही होऊ देणार नाही. हे त्या दोन्ही भावांपुढं बोलल्या. माझा नवरा जमिनीकडं बघत होता. इतकी वर्षं त्यांच्या मनात असलेलं शेवटी तोंडावाटे आलं होतं, आणि गंमत म्हणजे ते थोडं खरंही होतं, पाल्याच्या बाबतीत नाही, गुंडाच्या बाबतीत.

मी रडले नाही. चिठ्ठी काढली आणि तिच्या मागचा डोळा दाखवून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोरडा पडलेला डोळा, पडणारं फूल, न परतणारी नजर. धाकटीला उजेडात ओढून तिची पापणी वर करून तो फेसासारखा ठिपका दाखवला. दिरानं वाकून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आत्याबाईंनीही पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. मग हात खाली सोडून म्हणाल्या, "मलेही होत होतं हे. पाची खेपांले. भितीले धरू धरू फिरली मी. मले कोणी बंडी नाही जुंपली."

हे त्या धाकटीकडं बघून म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. इतकी वर्षं मी त्यांना भीत होते, पण आमच्यात असं काही सारखं असेल हे मला कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या पाचांतली दोनच जगली होती. त्या उठून आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर मुंगन्याच्या खालच्या फांद्या कोणीतरी ओरबाडून नेलेल्या होत्या, आणि आत्याबाई ओसरीवर पाय पसरून पाला खुडत बसल्या होत्या. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. बाटली देवघरापासून लांब, कोठ्याच्या कोनाड्यात ठेवा, एवढंच त्यांनी दिराकरवी कळवलं.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत, आठ असतील किंवा दहा. एका सांजेला मी कंदिलाच्या काचा पुसत होते. धाकटी खांबाशी बसली होती. ती म्हणाली की बाई, तुमचं कुंकू फिसकटलं, इकडं उजव्या भिवईवर आलं. मी कपाळाला हात लावला. खरंच आलं होतं. कंदील अजून पेटलेला नव्हता.

ती उठली आणि एकटी परसात गेली. पायरीवर पाय बरोबर पडला. म्हशीच्या पाठीवर हात फिरवून ती मोठ्यानं हसली आणि आपल्या नवऱ्याला हाका मारू लागली. सगळे तिच्याभोवती जमले. मी काच हातात घेऊन ओसरीवरच बसून राहिले. मला आनंद झाला होता, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. उद्यापासून तिला माझा हात लागणार नव्हता.

पौषात, एका सकाळी ऊन अंगणात उतरलं असताना, तिला मुलगी झाली. आत्याबाईंना मुलगा हवा होता, पण त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी स्वतः लाल कोहळ्याची भाजी नेऊन दिली. सव्वा महिन्यानं डॉक्टरीणबाईंकडं दाखवायला गेलो तेव्हा डोळ्यांतला तो ठिपका जवळजवळ गेला होता. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गावातल्या पोटुश्या बायकांना सांजेला दिसतं का, एवढं विचारत जा, त्या आपणहून सांगत नाहीत. मी विचारत गेले. पहिल्या वर्षातच आमच्या लहानशा गावात दोघी निघाल्या, आणि नाल्यापलीकडच्या तांड्यावर एक, जी सात महिन्यांची होती आणि दिवस मावळला की झोपडीबाहेर पडतच नव्हती. तिच्या सासूनं मला आधी हाकलून दिलं. मग तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

मला स्वतःला मूल झालं नाही. धाकटीला त्या मुलीनंतर दोन मुलगे झाले, आणि दर वेळी दिवस राहिले की आत्याबाई न सांगता पाला खुडायला बसायच्या. माझं जळणं थांबलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या खेपेला बारशाच्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून आत पडून राहिले होते. पण ती मुलगी मात्र कशी कोण जाणे माझीच झाली. रांगायला लागली ती माझ्याकडं रांगत आली. मला ती मोठाई म्हणायची, आणि आईला हाक मारायच्या आधी तिला तो शब्द आला.

ती दोन वर्षांची असताना धाकटी तिला घेऊन माहेरी गेली, आठ दिवसांसाठी. चौथ्याच दिवशी बंडी परत आली. मुलीनं तिथं जेवण टाकलं होतं आणि रडून रडून घसा बसवला होता, मोठाई पाहिजे म्हणून. धाकटी बंडीतून उतरली, माझ्याजवळ आली आणि तिनं मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं.  मी प्रवासाचं विचारलं तर उत्तर न देता ती सरळ चुलीकडं गेली, आणि आतून भांडी आदळल्याचा आवाज येऊ लागला.

तिला काय होतंय हे या घरात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. उठून तिची समजूत काढावी, असं माझ्या मनात आलं. पण मुलगी माझ्या गळ्यात हात टाकून झोपत आली होती, आणि मी उठले नाही.